व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे मॅनेजमेंट नव्हे: छोट्या टीमने प्रोजेक्ट सॉफ्टवेअर कधी घ्यावं आणि कसं वापरावं



टीम या विषयावर व्हिडिओ केला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, एखादं चांगलं सॉफ्टवेअर सांगा ना. टीम एकदम लाईनवर आली पाहिजे." विचारणारा कधी फॅब्रिकेशनवाला असतो, कधी मंडप-डेकोरेशनवाला, कधी ठिबकचा डीलर. हाताखाली चार ते दहा माणसं. कामं भरपूर, पण प्रत्येक कामाचा हिशोब मालकाच्या डोक्यात. व्हिडिओत दहा मिनिटांत सगळं सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर छोट्या धंद्याला खरंच उपयोगी पडतं. पण ते टीमला लाईनवर आणत नाही. काम कुठे अडलंय आणि कुणाकडे अडलंय, एवढंच ते दाखवतं. अडलेलं सोडवायचं काम मालकालाच करावं लागतं. ज्याची रोज पंधरा मिनिटं तिकडे बघायची तयारी नाही, त्याने सॉफ्टवेअरवर एक रुपया घालवू नये. आणि ज्याची तयारी आहे, त्याने मोफत प्लॅनपासून सुरुवात करावी, पण आजच करावी.

आता हे असं का म्हणतो, ते आपल्याच भागातलं उदाहरण घेऊन बघू.

पहूरचा सोलरवाला

पहूर हे धंद्याच्या दृष्टीने मोक्याचं गाव. जळगावहून अजिंठ्याकडे, पुढे संभाजीनगरला जाणारा रस्ता आणि शेंदुर्णी-जामनेर रस्ता इथे भेटतात. नेरी, वाकोद, तोंडापूर, फत्तेपूर, शेंदुर्णी ही सगळी गावं मोटारसायकलच्या टप्प्यात. समजा, इथल्या एका तरुणाने घराच्या छतावर सोलर बसवायचा धंदा सुरू केला. उदाहरण मी रचलेलं आहे, पण धंदा अगदी आजचा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना आणली. एक किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान. तेव्हापासून गावोगावी या कामाला मागणी आली.

लोकांना वाटतं सोलर म्हणजे छतावर पॅनल ठोकणं. जो करतो त्याला विचारा. पॅनल बसवायला दोन-तीन दिवस पुरतात. बाकी सगळा कागदांचा आणि पाठपुराव्याचा प्रवास असतो. ग्राहकाकडून वीजबिल, आधार, बँकेचा तपशील घ्यायचा. पोर्टलवर नोंदणी करायची. महावितरणच्या मंजुरीकडे लक्ष ठेवायचं. मटेरियल मागवायचं. स्ट्रक्चर, पॅनल, इन्व्हर्टर, अर्थिंग करायचं. मग तपासणी, नेट मीटर, प्रकल्प सुरू झाल्याची नोंद, आणि त्यानंतर ग्राहकाच्या खात्यात अनुदान. मोजा, सात-आठ टप्पे झाले. प्रत्येक टप्प्यावर वेगळा माणूस आणि वेगळा कागद.

त्यात आपल्याकडची खास अडचण: वीजबिल अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर. ते वारलेले. आधार मुलाचं, बिल बापाचं, मग आधी बिलावरचं नाव बदलून घ्या. ही गोष्ट पहिल्या दिवशी लक्षात आली तर नाव बदलायचं काम लगेच सुरू होतं. मटेरियल छतावर चढल्यावर लक्षात आली तर सगळं तिथेच थांबतं.

थांबलं म्हणजे काय होतं? ग्राहक म्हणतो, "मीटर लागू द्या दादा, मग शेवटचा हप्ता देतो." त्याचंही बरोबर आहे. समजा दहा ग्राहकांचे प्रत्येकी ४०,००० रुपये असे अडकले. झाले ४ लाख. हे ४ लाख तुम्ही महिना दीड टक्क्याने उचललेले असतील तर दर महिन्याला ६,००० रुपये नुसते व्याजाचे. तिकडे मटेरियलवाला उधारीसाठी फोन करतोय, इकडे पोरांचा पगार द्यायचाय. धंदा तोट्यात नाही, ऑर्डरही आहेत, तरी मालकाला झोप नाही. नव्या उद्योजकांची दमछाक होते ती बहुतेक वेळा इथेच, पैसा अशा अर्धवट कामांत गुंतून पडतो म्हणून.

"हो भो, टाकतो"

आता या धंद्याचं मॅनेजमेंट कशावर चालतं? व्हॉट्सॲप ग्रुपवर. 'सोलर टीम' नावाचा ग्रुप. सकाळी मालक विचारतो, "शेंदुर्णीच्या साईटचा इन्व्हर्टर आला का? आणि नेरीवाल्या काकांचे कागद पाठवा." त्याखाली कुणाचा गुड मॉर्निंगचा गुलाब येतो, मग वाढदिवसाच्या शुभेच्छा, मग रात्रीच्या मॅचवर चर्चा. दुपारी उत्तर येतं, "हो भो, टाकतो." कशाला हो? इन्व्हर्टरला की कागदांना? आणि कोण टाकतोय? दोघांना वाटतं तिसरा टाकेल. चार दिवसांनी मालक वरवर बोट सरकवत तो मेसेज शोधतो. तोपर्यंत एकाच्या फोनची मेमरी भरली म्हणून त्याने फोटो उडवून टाकलेले असतात.

व्हॉट्सॲप वाईट नाही. ते बोलायला उत्तम आहे, ग्राहकाला फोटो पाठवायला उत्तम आहे. पण बोलणं आणि काम यांची जात वेगळी. बोलणं पुढे सरकतं आणि वर निघून जातं. काम मात्र पूर्ण होईपर्यंत डोळ्यासमोर राहिलं पाहिजे. ग्रुपवर मेसेज जुना झाला की नाहीसा होतो. बोर्डवर काम जुनं झालं की जास्त खुपायला लागतं. सॉफ्टवेअरचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो.

दुसरी गोष्ट खानदेशातल्या प्रत्येक धंदेवाल्याला माहीत आहे. हाताखाली तयार केलेला पोरगा एक दिवस सुरतला जातो. चांगला पगार मिळाला, गेला. त्याला दोष नाही. पण तो जाताना कोणत्या ग्राहकाचं काय राहिलंय, कोणाला काय शब्द दिलाय, महावितरणच्या ऑफिसात कोणता कागद दिलाय, हे सगळं त्याच्या डोक्यात आणि त्याच्या फोनमध्ये जातं. कापूस वेचणीच्या दिवसांत किंवा लग्नसराईत माणूस आठ दिवस गायब झाला तरी तेच. जो धंदा एका माणसाच्या फोनमध्ये राहतो तो तुमचा नसतो, त्या फोनवाल्याचा असतो.

बोर्डची कल्पना कुठून आली

आज जी सॉफ्टवेअरं आपण बघतो त्यातल्या बहुतेकांच्या मुळाशी एक साधा बोर्ड आहे. जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यात ताईची ओनो या इंजिनिअरने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात कानबान पद्धत बसवली. कानबान म्हणजे कार्ड, पाटी. पुढच्या टप्प्याकडून कार्ड आलं की मगच मागच्या टप्प्याने माल बनवायचा. उगाच आधी बनवून ढीग लावायचा नाही. ही कल्पना त्यांना अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून सुचली: फळीवरून जेवढा माल उचलला जातो तेवढाच परत भरला जातो.

पुढे सॉफ्टवेअर कंपन्यांनी कार्डाची पद्धत आपल्या कामासाठी उचलली. ट्रेलो हे २०११ मध्ये आलेलं ॲप म्हणजे अगदी तसाच बोर्ड: उभे रकाने आणि त्यात कार्डं. एक काम म्हणजे एक कार्ड. काम पुढे गेलं की कार्ड बोटाने पुढच्या रकान्यात सरकवायचं. २०१७ मध्ये ॲटलासियन कंपनीने ट्रेलो ४२.५ कोटी डॉलरला विकत घेतलं. आपल्या देशातल्या झोहो कंपनीचं झोहो प्रोजेक्ट्स आहे. तिचे संस्थापक श्रीधर वेंबू तमिळनाडूतल्या तेनकाशीजवळच्या खेड्यात राहून काम करत आले आहेत, हे खेड्यात धंदा करणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. असाना आहे, क्लिकअप आहे. नाव कोणतंही असू द्या, मूळ तेच: काम डोळ्यांना दिसलं पाहिजे.

एक काम, एक टोकन

आता नियमांकडे येतो, कारण नियम नसेल तर बोर्ड म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर.

पाचोरा-जामनेर नॅरोगेज, आपली पीजे, पहूर स्टेशनवरून जायची ते अनेकांना आठवत असेल. एकेरी रूळ होता. एकेरी रुळांसाठी भारतीय रेल्वेत एक जुनी पद्धत आहे, टोकनची. दोन स्टेशनांमध्ये गाडी न्यायची तर ड्रायव्हरच्या हातात टोकन पाहिजे. बऱ्याच मार्गांवर हे टोकन म्हणजे धातूचा गोळा असायचा. दोन्ही स्टेशनांची यंत्रं एकमेकांना अशी जोडलेली की एका वेळी एकच गोळा बाहेर निघेल. टोकन हातात असेल तोच ड्रायव्हर पुढे जाणार. पुढच्या स्टेशनात टोकन परत दिलं की मगच दुसऱ्या गाडीला वाट मोकळी.

आपल्या टीमला हाच नियम लावा. प्रत्येक कामाचं टोकन एका वेळी एकाच माणसाच्या हातात. "तुम्ही दोघं बघून घ्या" हे वाक्य धंद्यातून हद्दपार करा. दोघांना सांगितलेलं काम कुणालाच सांगितलेलं नसतं. कार्डावर एक नाव, एक तारीख आणि पुढची एक कृती. 'नेरीवाले काका, सोलर' असं कार्ड लिहून उपयोग नाही. 'नेरीवाले काका: बिलावरचं नाव बदलण्याचा अर्ज द्यायचा, शुक्रवारपर्यंत' असं लिहिलं की ज्याच्याकडे टोकन आहे त्याला नेमकं काय करायचं ते कळतं.

डबेवाल्यांची गोष्ट आपण अर्धीच सांगतो

मॅनेजमेंटचा विषय निघाला की मुंबईच्या डबेवाल्यांचं उदाहरण येतंच. १८९० मध्ये महादू हवाजी बच्चे यांनी सुरू केलेलं हे काम. कोरोनाआधी सुमारे ५,००० माणसं रोज जवळपास २ लाख डबे पोचवायची, असं सांगितलं जातं. हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यांच्यावर केस स्टडी केली. आणि ही गोष्ट सांगून वक्ते म्हणतात, "बघा, ना कॉम्प्युटर ना सॉफ्टवेअर!" म्हणजे आपल्यालाही सॉफ्टवेअरची गरज नाही, असा अर्थ ऐकणारा काढतो.

मला तो अर्थ पटत नाही. डबेवाल्यांकडे सॉफ्टवेअर नव्हतं, पण सॉफ्टवेअरचं काम करणारी गोष्ट होती. डब्याच्या झाकणावरचा रंग, अक्षरं आणि आकडे. त्यावर पूर्ण पत्ता नसतो. डबा कोणत्या स्टेशनावर उतरायचा, तिथून कोणी उचलायचा, कोणत्या इमारतीत कितव्या मजल्यावर द्यायचा, एवढंच. डबा अनेक हातांतून जातो आणि प्रत्येक हाताला त्याच्यापुरतं पुढचं पाऊल झाकणावर वाचता येतं. कुणाला फोन करून विचारावं लागत नाही. माहिती माणसाच्या डोक्यात नसून कामालाच चिकटलेली आहे.

आणखी एक गोष्ट आहे, ती फार कमी लोक सांगतात. त्यांच्या प्रत्येक गटात दोन-तीन माणसं जादा ठेवलेली असतात, कुणी आजारी पडलं किंवा गाडीत अडकलं तर सांभाळून घ्यायला. म्हणजे प्रत्येकाला शंभर टक्के जुंपून ठेवलेलं नाही. आपण मात्र पाच माणसांत सात जणांचं काम घेतो आणि मग सॉफ्टवेअरकडून चमत्काराची वाट बघतो.

पाच हजार माणसांनी शंभर वर्षं घोटलेली शिस्त तुमच्या सहा जणांत उद्या सकाळी येणार नाही. ती येईपर्यंत झाकणावरच्या खुणेचं काम ॲपमधलं कार्ड करतं. म्हणून डबेवाल्यांचं उदाहरण मी सॉफ्टवेअरच्या बाजूनेच देतो.

जास्त कामं सुरू, म्हणजे प्रत्येक काम उशिरा

हा मुद्दा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा आहे, जरा हिशोब करून वाचा. जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकाने १९६१ मध्ये एक साधं सूत्र सिद्ध केलं. काम सरासरी किती काळ अडकून राहतं? सुरू असलेल्या कामांची संख्या भागिले तुमचा पूर्ण करण्याचा वेग.

आपल्या सोलरवाल्याकडे दोन फिटिंग टीम आहेत. आठवड्याला ३ साईट पूर्ण होतात. १२ साईट सुरू असतील तर एक साईट सरासरी ४ आठवड्यांत पूर्ण होईल. दिवाळीच्या आधी उत्साहात त्याने २४ साईटवर स्ट्रक्चर उभं करून ठेवलं. माणसं तेवढीच, वेगही तेवढाच. आता प्रत्येक साईटला सरासरी ८ आठवडे. म्हणजे २४ ग्राहक नाराज, २४ घरांत मटेरियल अडकलं आणि पोरं आज इथे, उद्या तिथे पळून थकली. खरं तर अशा धावपळीत वेग ३ वरून २ वर यायची भीती जास्त.

मग ऑर्डर नाकारायच्या का? नाही. ऑर्डर घ्या, पण ग्राहकाला खरी तारीख सांगा आणि काम 'रांगेत' ठेवा. ग्राहकाची वाट तेवढीच राहील, पण तुमचं मटेरियल आणि पैसा त्याच्या छतावर अडकणार नाही. "तुमचा नंबर चौथ्या आठवड्यात आहे" असं ऐकलेला ग्राहक शांत असतो. छतावर चार पाईप उभे करून महिनाभर न फिरकलेल्या माणसाला मात्र तो गावभर शिव्या देतो.

बोर्डवर हे सहज दिसतं. 'फिटिंग सुरू' या रकान्यात चारपेक्षा जास्त कार्डं नकोत, असा नियम करा. पाचवं कार्ड टाकायचं असेल तर आधी एक बाहेर काढा, म्हणजे पूर्ण करा. वहीत ही गोष्ट पानं उलटून मोजावी लागते. बोर्डवर एका नजरेत कळते.

सॉफ्टवेअर नक्की काय देतं

मग पांढरा बोर्ड आणि मार्कर काय वाईट? काहीच वाईट नाही. सगळी टीम एका छपराखाली बसत असेल तर तोच सगळ्यात उत्तम. पण आपली माणसं चार गावांत विखुरलेली असतात. तिथे सॉफ्टवेअर चार गोष्टी जास्त देतं.

एक, तोंडापूरच्या छतावर उभ्या असलेल्या पोराला आणि पहूरच्या दुकानात बसलेल्या मालकाला एकच बोर्ड दिसतो.

दोन, बिल, छताचा फोटो, इन्व्हर्टरचा सिरीयल नंबर हे सगळं त्या कार्डालाच जोडलेलं राहतं. ग्राहकाचं आधार ग्रुपवर फिरवत बसावं लागत नाही. देशात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झालाय. लोकांच्या कागदपत्रांबाबत आतापासूनच सांभाळून राहिलेलं बरं.

तीन, तारखेची आठवण आपोआप येते. मालकाला ओरडावं लागत नाही.

चार, कुणी कधी काय केलं याची नोंद राहते. माणूस सोडून गेला तरी नवा माणूस कार्ड उघडून वाचतो आणि पुढे काम सुरू करतो.

आता जे सॉफ्टवेअर देत नाही तेही ऐका. चुकीचं कोटेशन ते दुरुस्त करत नाही. न शिकवलेल्या पोराला अर्थिंग करायला शिकवत नाही. पगार उशिरा होत असतील तर माणसांचं मन राखत नाही. आणि रोज सकाळी प्लॅन बदलणाऱ्या मालकावर त्याच्याकडे काहीच औषध नाही. सॉफ्टवेअर घेतल्यावर टीम अमुक टक्के वेगवान होते असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याला विचारा: कोणती टीम, कोणतं काम, आधी वेग कसा मोजला होता?

तुम्हाला गरज आहे का? तीन प्रश्न

तुमचं एक काम एका दिवसापेक्षा जास्त चालतं का? ते दोनपेक्षा जास्त हातांतून जातं का? एका वेळी सात-आठपेक्षा जास्त कामं सुरू असतात का?

तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर बोर्ड पाहिजेच. फॅब्रिकेशन, फर्निचर, इंटिरिअर, ठिबक बसवणं, लग्नाच्या ऑर्डर घेणारा केटरर, फ्लेक्स प्रिंटिंग, टॅक्स सल्लागाराचं ऑफिस, सगळे यात येतात. किराणा दुकान, चहाचं हॉटेल, पिठाची गिरणी यांचं काम तिथल्या तिथे संपतं. त्यांनी प्रोजेक्ट सॉफ्टवेअरच्या मागे लागू नये. त्यांना स्टॉक आणि उधारीची वही नीट पाहिजे, तो वेगळा विषय. नवरा-बायको मिळून ऑर्डर घेत असतील तर एक वहीही पुरते.

पहिला महिना असा करा

१. पहिला आठवडा फक्त कागद. मोठ्या कागदावर तुमच्या कामाचे टप्पे लिहा. टीमला सोबत बसवा, कारण खरे टप्पे त्यांना जास्त माहीत असतात. पाच ते सात रकाने पुरे.

२. दोन रकाने आवर्जून वेगळे ठेवा: 'आपल्याकडे अडलं' आणि 'दुसऱ्याकडे अडलं'. महावितरणकडे, बँकेकडे किंवा ग्राहकाकडे अडलेल्या कामावर पोरांना रागावून उपयोग नाही. तिथे फक्त पाठपुराव्याची पुढची तारीख हवी. आपल्याकडे अडलेलं मात्र आजच हलवता येतं.

३. दुसऱ्या आठवड्यात मोफत ॲप घ्या आणि फक्त चालू कामं टाका. मागच्या वर्षीचा इतिहास भरत बसू नका. मोफत प्लॅनमध्ये किती माणसं आणि किती बोर्ड चालतात हे कंपन्या बदलत असतात, म्हणून नोंदणीच्या दिवशी अटी वाचा. नोंदणी धंद्याच्या ईमेलवर करा, भाच्याच्या किंवा सुपरवायझरच्या नाही.

४. कार्डं मराठीत लिहा. 'पेंडिंग ॲप्रूव्हल'पेक्षा 'महावितरणची मंजुरी बाकी' सगळ्यांना कळतं. ज्याला टायपिंग जमत नाही त्याने फोनवर बोलून टाईप करावं किंवा फोटो टाकावा.

५. रोज सकाळी १५ मिनिटं, उभ्याने, सगळ्यांनी बोर्ड बघायचा. शेवटच्या रकान्यापासून सुरुवात करायची, म्हणजे जे काम पूर्ण व्हायला सगळ्यात जवळ आहे ते आधी. पैसे तिथेच आहेत.

६. मालकाने कामाची विचारणा ग्रुपवर करायची नाही. कार्डावर करायची. हा नियम सगळ्यात अवघड आहे आणि तो फक्त मालकच मोडतो. तुम्ही एकदा ग्रुपवर "काय झालं रे त्याचं?" विचारलंत की टीमला कळतं, बोर्ड नावालाच आहे.

७. महिन्याच्या शेवटी दोन आकडे काढा. एक काम सुरू झाल्यापासून पूर्ण व्हायला किती दिवस लागले, आणि शेवटच्या हप्त्याचे किती रुपये बाहेर आहेत. हे आकडे पहिल्या दिवशीही लिहून ठेवा. तीन महिन्यांत ते कमी झाले तर पैसे देऊन मोठा प्लॅन घ्यायचा विचार करा. नाही झाले तर अडचण दुसरीकडे आहे, ती शोधा.

बोर्डचा चाबूक करू नका

शेवटचा मुद्दा मालकांसाठी. बोर्ड आला की सगळ्यात पहिला मोह होतो तो पकडायचा. कोण किती वाजता कार्ड हलवतो, कुणाची तारीख लाल झाली, लगेच चारचौघांत पाणउतारा. आठ दिवसांत टीम शहाणी होते. तारखा वेळेत हिरव्या दिसायला लागतात आणि काम मात्र छतावर तसंच पडलेलं असतं. ज्या बोर्डवर खरं लिहिण्याची भीती वाटते तो बोर्ड खोटं बोलायला लागतो, आणि खोटा बोर्ड नसण्यापेक्षा वाईट. कारण तुम्ही त्याच्यावर विसंबून ग्राहकाला तारीख देता.

म्हणून लाल तारीख दिसली की पहिला प्रश्न "का केलं नाही?" असा नको. "काय पाहिजे, म्हणजे हे हलेल?" असा विचारा. दहापैकी बरेच वेळा उत्तर साधं असतं. शिडी दुसऱ्या साईटवर होती. ग्राहक शेतात होता. पेट्रोलला पैसे नव्हते. यातलं प्रत्येक उत्तर मालकाने सोडवण्यासारखं आहे. ज्या पोराने अडचण स्वतःहून कार्डावर लिहिली त्याला शाबासकी द्या. त्याने तुमचे पैसे वाचवलेत.

आणि तो पोरगा उद्या सुरतला गेला तर जाऊ द्या. हसत निरोप द्या, दिवाळीला आला की चहा पाजा. त्याचं काम कार्डावर आहे, तुमच्याकडे आहे.

आजचा गृहपाठ: जेवण झाल्यावर एक कोरा कागद घ्या. आत्ता तुमच्याकडे सुरू असलेल्या सगळ्या कामांची यादी करा. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: आत्ता ते कुणाच्या हातात आहे, पुढचं पाऊल काय, कोणत्या तारखेपर्यंत. ज्या कामासमोर नाव लिहिताना पेन थांबलं, ते काम उद्या सकाळी सगळ्यात आधी उचला. ॲप परवा डाऊनलोड केलं तरी चालेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा सांभाळा, माणसं जपा.